फिल्डवर्कची वही

दक्षिण बेंगळुरूतल्या जे. पी. नगरला ज्यांचे नाव आहे ते जयप्रकाश नारायण १९२२ साली अमेरिकेला निघाले, तेव्हा त्यांना रसायनशास्त्र शिकायचे होते. पैशाची मात्र चणचण होती. कॅलिफोर्नियातल्या द्राक्षमळ्यांत राबून, फळे डबाबंद करण्याच्या कारखान्यात खपून, खाणावळीत ताटल्या विसळून त्यांनी फी भरली. विद्यापीठे बदलली, विषय बदलला आणि १९२९ मध्ये ते परतले ते समाजशास्त्राची एम.ए. घेऊन. पुढे १९३२ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता यांच्याशी त्यांची गाठ पडली. तिथले वाचन आणि तिथले वाद यांतूनच १९३४ चा काँग्रेस समाजवादी पक्ष आकाराला आला. शिक्षक नाही, परीक्षा नाही, पण शेजारी हुज्जत घालणारी चार माणसे आहेत, असे ते स्वयंशिक्षण होते. यातली हुज्जत घालणारी माणसे लक्षात ठेवा. समाजकार्याचा विद्यार्थी स्वतःला कसा घडवतो, हे समजून घेताना पुढे त्यांचीच गरज पडणार आहे.

आज जे. पी. नगर पहिल्या फेजपासून नवव्या फेजपर्यंत पसरले आहे. सारक्की, पुट्टेनहळ्ळी, जरगनहळ्ळी ही जुनी गावे त्याने पोटात घेतली आहेत. २०१७ पासून हिरव्या मार्गावरची मेट्रो येथे थांबते. मोठमोठी अपार्टमेंट आहेत आणि त्यांच्या मागच्या गल्ल्यांत ती अपार्टमेंट चालवणारी माणसे आहेत: धुणीभांडी करणाऱ्या बायका, वॉचमन, उत्तर कर्नाटकातून आलेले बांधकाम मजूर, रस्ते झाडणारे पौरकार्मिक. समाजकार्य शिकणाऱ्याला जे पाहायचे असते ते इथे पायी फिरता येईल इतक्या अंतरात सापडते.

समजा, लातूरकडची एक मुलगी बी.ए. करून बेंगळुरूत एम.एस.डब्ल्यू.ला आली आहे आणि तिला फिल्डवर्कसाठी याच भागातली एखादी संस्था मिळाली आहे. मुलगी कल्पनेतली आहे, पण तिच्या वाट्याला जे येणार आहे ते दरवर्षी शेकडो विद्यार्थ्यांच्या वाट्याला येते. तिच्या मागोमाग चालत गेलो तर ‘सॉफ्ट स्किल’ नावाच्या गोष्टी नेमक्या कुठे आणि कशा शिकल्या जातात, ते दिसते.

आधी अभ्यासक्रमाची रचना. भारतात समाजकार्याचे रीतसर शिक्षण १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्कपासून सुरू झाले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट त्याआधीपासून नागपाड्यात नेबरहूड हाउस चालवत होते, म्हणजे वस्ती आधी होती आणि वर्ग नंतर आला. १९५५ मध्ये मुंबईला निर्मला निकेतन आणि १९६३ मध्ये पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था सुरू झाली. या सगळ्यांनी तीच घडण उचलली आणि बेंगळुरूतली महाविद्यालयेही तिच्याच वाटेने जातात. आठवड्याचे काही दिवस वर्ग आणि साधारण दोन दिवस, मिळून पंधराएक तास, क्षेत्रकार्य. क्षेत्रकार्य हा शब्द कागदावरचा. विद्यार्थी म्हणतात, ‘फिल्डवर्क’.

फिल्डवर्कला चार पाय आहेत. प्रत्यक्ष वस्तीत जाणे हा पहिला. तिथे जे घडले ते त्याच दिवशी लिहून काढणे, म्हणजे ‘रेकॉर्डिंग’, हा दुसरा. तिसरा ‘आयसी’: पर्यवेक्षकाशी आठवड्यातून एकदा एकट्याने बसून बोलणे. चौथा ‘जीसी’: सगळ्या गटाने बसून एकमेकांचे काम तपासणे. पहिल्या पायाचे फोटो निघतात, म्हणून लोकांना तोच दिसतो. शिक्षण घडते ते बाकीच्या तिघांत, आणि त्यातही बहुतेक दुसऱ्यात.

पहिले काही आठवडे तिला काहीच ‘करायचे’ नसते. फिरायचे, पाहायचे, नकाशा काढायचा. पाण्याचा टँकर कधी येतो, अंगणवाडी कुठे आहे, सरकारी ‘नम्म क्लिनिक’मध्ये कोण जाते आणि कोण जात नाही, स्वस्त जेवणाच्या इंदिरा कँटीनसमोर सकाळी कोणाची रांग लागते, दुपारी वस्तीत कोण घरी असते. उत्साही विद्यार्थ्यांना हे दिवस कंटाळवाणे वाटतात. ‘आम्ही लोकांसाठी कधी काही करणार?’ ही तक्रार प्रत्येक तुकडीत असते. पण निरीक्षणाची सवय याच दिवसांत लागते. या काळात ज्याला काही दिसले नाही, त्याला पुढे सर्व्हेचे फॉर्म भरूनही दिसत नाही.

अंगणवाडीत ती पोहोचते तेव्हा एक गोष्ट तिला माहीत असलेली बरी. ही कल्पना तिच्याच भाषेच्या मुलुखातून आली आहे. १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे काम सुरू केले. वस्तीतली मुले शाळेपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला, मुले गुरे चारायला जातात म्हणून शाळा कुरणात गेली. हे शोध कुठल्या पुस्तकातून आले नव्हते. मुले का येत नाहीत हे पाहत बसण्याची तयारी त्या दोघींकडे होती, त्यातून आले. १९७५ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी देशभर नेली आणि ती जे. पी. नगरच्या गल्लीतही आली. अनुताईंना लहानपणीच वैधव्य आले होते. नोकरी करत करत त्या शिकत राहिल्या आणि पदवी घेतली तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचे आत्मकथन समाजकार्याच्या किती वर्गांत वाचले जाते, असा प्रश्न मला नेहमी पडतो. परदेशी पाठ्यपुस्तकांच्या झेरॉक्स मात्र सगळ्यांकडे असतात.

मग भाषा. लातूरच्या मुलीला कन्नड येत नाही. बेळगाव-निपाणीची असती तर थोडी सुटका झाली असती. जे. पी. नगरच्या मागच्या गल्ल्यांत कन्नड आहे, तमिळ-तेलुगू आहे, दखनी आहे. मराठवाड्यातल्या कानाला दखनी जवळची, म्हणून बहुतेक मराठी मुले सुरुवातीला हिंदी-दखनीच्या आधाराने वेळ मारून नेतात. इथे स्वयंशिक्षण अगदी शब्दशः सुरू होते, कारण महाविद्यालय सहसा तिच्यासाठी कन्नडचा तास ठेवत नाही. चांगली पद्धत अशी: आधी बसच्या पाट्या वाचण्याइतकी लिपी शिकावी. मग वस्तीत लागणारी वीस-पंचवीस वाक्ये, ‘ऊट आय्ता?’पासून ‘पुन्हा सांगता का?’पर्यंत. ती अंगणवाडीतल्या मुलांकडून घोटून घ्यावीत. चुकीचा उच्चार मुले हसून दुरुस्त करतात आणि त्यांच्या आया दारातून ते ऐकत असतात. शिकायला आलेली बाई आपल्या पोराकडून शिकते आहे, हे पाहून त्या जितक्या मोकळ्या होतात तितक्या ओळखपत्र दाखवून होत नाहीत. दुभाष्यावर विसंबणारे विद्यार्थी वर्षभर पाहुणेच राहतात. हे माझे मत कडक वाटेल, पण ते मी बदलायला तयार नाही.

आता रेकॉर्डिंगकडे येऊ. इथे जरा रेंगाळायला हवे.

समजा, तिसऱ्या आठवड्यात ती एका घरी गेली. घरातली बाई दोन अपार्टमेंटमध्ये धुणीभांडी करते. संध्याकाळी मुलीने वहीत लिहिले: “आज गृहभेट दिली. कुटुंबात पाच व्यक्ती आहेत. मुले शाळेत जातात. कोणतीही समस्या आढळली नाही. संवाद चांगला झाला.” असे पाच वाक्यांचे रेकॉर्डिंग दरवर्षी हजारो वह्यांत लिहिले जाते आणि ते काहीही शिकवत नाही. त्यातून एवढेच कळते की लिहिणाऱ्याला घरी जायची घाई होती.

पर्यवेक्षक नीट असला तर वही परत देतो आणि सांगतो, ‘जे बोलणे झाले ते नाटकासारखे लिहा. डाव्या बाजूला कोण काय बोलले, उजव्या बाजूला त्या वेळी तुमच्या मनात काय आले. शेवटचा रकाना माझ्यासाठी मोकळा ठेवा.’ समाजकार्यात ही पद्धत जुनी आहे. वकील, डॉक्टर, शिक्षक यांच्यापैकी सहसा कोणी शिकाऊपणी स्वतःच्या संभाषणाची अशी वाक्यावाक्याची नोंद ठेवत नाही. तिने पुन्हा लिहिले:

मी: घरी किती माणसं?
त्या: पाच.
मी: मुलं शाळेत जातात?
त्या: जातात.
मी: काही अडचण आहे का?
त्या: नाही, काही नाही.

उजव्या रकान्यात तिने प्रामाणिकपणे लिहिले: ‘फॉर्ममधले प्रश्न संपवायचे होते. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मला वाटले, मी नकोशी आहे.’

आयसीत पर्यवेक्षकाने उपदेश केला नाही, प्रश्न विचारले. तुम्ही उभ्या होता की बसला होता? दारात उभी होते. त्या काय करत होत्या? अवरेकाईच्या शेंगा सोलत होत्या. घरात आणखी कोण होते? मोठा मुलगा झोपला होता. किती वाजले होते? अकरा. वार कोणता? मंगळवार. इथे मुलगी थांबली. मंगळवारी सकाळी अकरा वाजता पंधरा वर्षांचा मुलगा घरात झोपलेला होता, आणि तिने वहीत लिहिले होते, ‘मुले शाळेत जातात’. तो मुलगा तिने पाहिला होता, पण पाहिलेले तिच्यापर्यंत पोहोचले नव्हते. कानाने ऐकलेले उत्तर तिने डोळ्यांनी पाहिलेल्यापेक्षा खरे मानले होते, कारण फॉर्मला उत्तर हवे होते.

पुढच्या भेटीत ती उंबऱ्यावर बसली आणि न विचारता दोन-चार शेंगा हातात घेतल्या. बराच वेळ कोणी बोलले नाही. ही शांतता नवशिक्याला असह्य होते, तो ती प्रश्नाने भरून टाकतो. तिने भरली नाही. मग बाईच बोलायला लागली. मुलाने नववीत शाळा सोडली आहे. पहाटे अपार्टमेंटच्या तळघरात गाड्या धुवायला जातो, म्हणून दिवसा झोपतो. नवऱ्याला कंबरदुखी आहे. ‘तुम्ही शाळेच्या लोकांना सांगाल म्हणून बोलले नाही.’

या दोन गृहभेटींत किती कौशल्ये आली ते मोजून पाहा: बसणे, हातांना काम देणे, गप्प राहणे, पाहिलेले नोंदवणे, आपल्या अस्वस्थतेला नाव देणे. यातले एकही तिने भाषण ऐकून उचलले नाही. पहिली भेट, तिची नोंद, त्या नोंदीवरचे प्रश्न आणि दुसरी भेट, असे एक आवर्तन पूर्ण झाले. दोन वर्षांत अशी शेकडो आवर्तने व्हावीत हा फिल्डवर्कचा सगळा हिशेब आहे. अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ या पुस्तकात, कामात मुरलेली माणसे करता करता विचार कसा करतात, याची मांडणी केली. समाजकार्याच्या वह्या त्याच्या कितीतरी आधीपासून हेच करत होत्या.

तिला पुढचा मोह होतो तो मुलाला पुन्हा शाळेत घालण्याचा. तशी भाषणे तिच्या तोंडात तयार असतात. इथे पर्यवेक्षक तिच्यापुढे फेलिक्स बीस्टेक यांचे १९५७ चे पुस्तक ठेवतो. व्यक्तिसहाय्य कार्यातल्या नात्याची सात तत्त्वे त्यात आहेत आणि परीक्षेत ती सगळ्यांना पाठ असतात. समोरच्याला दोषी ठरवायचे नाही, आणि निर्णय त्याचा त्याला घेऊ द्यायचा, ही त्यांतली दोन. वर्गात ही वाक्ये सुंदर वाटतात. वस्तीत त्यांचा अर्थ असा होतो की मुलाचे गाड्या धुणे तुम्हाला पटत नसले, तरी त्या घराची मिळकत तुम्ही थांबवू शकत नाही. मुलाशी स्वतंत्रपणे बोलावे, त्याला काय हवे ते विचारावे, बाहेरून दहावीला बसता येते ही माहिती पुढे ठेवावी आणि मग वाट पाहावी. वाट पाहता येणे हेसुद्धा कौशल्य आहे, पण त्याला गुण कसे द्यायचे ते कोणालाच माहीत नसल्यामुळे गुणपत्रिकेत त्याला जागा नाही.

गोपनीयता हे आणखी एक तत्त्व, आणि त्याची एक कडा कायद्याला लागते. एखादी मुलगी म्हणते, ‘ताई, एक सांगते, पण कोणाला सांगू नका.’ नवखी विद्यार्थिनी चटकन म्हणते, ‘नाही सांगणार.’ हे वचन तिने देऊच नये. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळली की ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे. म्हणून वाक्य आधीच तयार हवे: ‘तुझ्या जिवाला धोका असेल किंवा तुला कोणी इजा करत असेल, तर मला ते मदत करू शकणाऱ्यांना सांगावे लागेल. बाकी तुझे बोलणे माझ्याकडेच राहील.’ हे वाक्य न घाबरवता, न अडखळता, समोरच्याच्या भाषेत म्हणता आले पाहिजे. आरशासमोर आणि मैत्रिणीसमोर ते म्हणून पाहावे लागते. व्हॉट्सॅप स्टेटसवर वस्तीतल्या मुलांसोबतचे फोटो टाकणाऱ्यांना गोपनीयतेचे तत्त्व परीक्षेपुरतेच कळले आहे, हे वेगळे सांगायला नको.

न अडखळता म्हणायच्या अशा वाक्यांची तालीम जीसीत होते. एक विद्यार्थी आई होतो, दुसरा कार्यकर्ता, बाकीचे पाहतात. ब्राझीलचे ऑगस्टो बोआल यांनी ही रीत आणखी पुढे नेली. त्यांच्या फोरम थिएटरमध्ये प्रसंग अडला की प्रेक्षकांतला कोणीही उठून पात्राची जागा घेतो आणि वेगळे काही करून पाहतो. समाजकार्याच्या वर्गाला हे फार मानवते, कारण ‘मी असतो तर असे केले असते’ म्हणणाऱ्याला लगेच उठवता येते. उठल्यावर बहुतेकांची वाचा बसते आणि तिथूनच खरे बोलणे सुरू होते.

नाटकाचा विषय निघालाच आहे तर, जे. पी. नगरच्या दुसऱ्या फेजमध्ये रंगशंकरा आहे. नट-दिग्दर्शक शंकर नाग यांच्या स्मरणार्थ अरुंधती नाग यांच्या पुढाकाराने हे नाट्यगृह २००४ मध्ये उभे राहिले. ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या लेखनात शंकर नाग यांचा वाटा होता, हे आता मराठी माणसे विसरली आहेत. रंगशंकराचा नियम प्रसिद्ध आहे: नाटक साडेसातला सुरू होते आणि उशिरा येणाऱ्याला आत सोडत नाहीत, मग तो कोणी का असेना. समाजकार्याच्या विद्यार्थ्याने महिन्यातून एकदा तरी इथे बसावे. भाषा न कळणारे नाटक पाहावे आणि देहबोलीवरून कोण कोणाला घाबरते आहे ते ओळखावे. तिकीट परवडते. आणि वेळ पाळणे हा दुसऱ्याचा मान असतो, हे कळायला तो साडेसातचा नियम पुरेसा आहे. ज्या बाईला दोन घरची कामे सोडून आपल्या बैठकीला यायचे असते, तिला अर्धा तास थांबवणारा कार्यकर्ता कितीही गोड बोलला तरी उपयोग नाही.

दुसऱ्या वर्षी घराघरांतून समुदायाकडे जायचे असते. इथे अभ्यासाला एक चांगले उदाहरण जवळच आहे. सातव्या फेजमधला पुट्टेनहळ्ळी तलाव कचरा, राडारोडा आणि आटलेले पाणी यांनी संपत आला होता. २०१० मध्ये लेखिका उषा राजगोपालन आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी ट्रस्ट स्थापन केला, महापालिकेशी करार झाला आणि तेरा एकरांवरचा तो तलाव पुन्हा भरला. वाचायला हे सोपे आहे. विद्यार्थ्याने शोधायचे असते ते यातले न दिसणारे काम: पहिल्या बैठकीला कोण आले, अधिकाऱ्याला कितव्यांदा पत्र लिहिल्यावर उत्तर आले, इतिवृत्त कोणी ठेवले, पैशाचा हिशेब कोणासमोर मांडला. बैठकीचे इतिवृत्त लिहिणे हे अतिशय रुक्ष कौशल्य आहे आणि चळवळी त्याच्यावाचून मोडतात. त्याच्या जोडीला दोन अवघड प्रश्नही विद्यार्थ्याने वहीत लिहावेत. तलावाकाठी सकाळी फिरणाऱ्यांची आणि तलावामागे राहणाऱ्यांची गरज एकच असते का? बैठकीत इंग्रजी बोलली गेली तर कोण गप्प बसते? गटातल्या गप्प माणसाला, त्याला अवघडवून न टाकता, बोलते करणे हे समुदाय संघटनातले सगळ्यात कठीण काम आहे, आणि भले भले कार्यकर्ते तिथे कमी पडतात.

क्षेत्रातल्या अशा कामातून कधी संस्थाही उभ्या राहतात. टाटा संस्थेच्या क्षेत्रकृती प्रकल्पांतूनच १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष आणि १९९६ मध्ये १०९८ ची चाइल्डलाइन निघाली. संकटातल्या मुलाचा फोन उचलणाऱ्याकडे काही सेकंद असतात. त्या काही सेकंदांतला आवाज हेही सॉफ्ट स्किलच आहे.

आता याद्यांबद्दल दोन शब्द. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात दहा जीवनकौशल्ये सांगितली. स्वतःची ओळख, समानुभूती, चिकित्सक विचार, निर्णय, ताण हाताळणे इत्यादी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘जीवन कौशल’ हा अभ्यासक्रम आणला. याद्या चुकीच्या नाहीत. आपण कुठे कच्चे आहोत ते महिन्यातून एकदा ताडून पाहायला त्या उपयोगी पडतात. बिघडते ते पुढे. याद्यांवरून एकदिवसीय कार्यशाळा तयार होतात, टाय लावलेला प्रशिक्षक येतो, हस्तांदोलन कसे करावे ते शिकवतो, सगळ्यांना प्रमाणपत्र मिळते. कंपनीत मुलाखतीला जाणाऱ्यासाठी ते ठीक असेल. शेंगा सोलणाऱ्या बाईसमोर हस्तांदोलन उपयोगाचे नाही.

वर्गाबाहेरच्या अभ्यासासाठी महाराष्ट्रात एक चांगला नमुना आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी २००६ मध्ये सुरू केलेला ‘निर्माण’ हा उपक्रम. त्यात पदवी नाही. तरुण शिबिरांना येतात, आपल्या आयुष्याचे काय करायचे हा प्रश्न उघडपणे मांडतात, मधल्या काळात प्रत्यक्ष कामात उतरतात आणि पुन्हा येऊन बोलतात. फिल्डवर्कचीच घडण आहे ही, फक्त गुणांचा धाक काढून टाकलेली. बेंगळुरूतल्या चार मराठी विद्यार्थ्यांनी रविवारी एकत्र बसून एकमेकांच्या वह्या वाचल्या, माणसांची नावे झाकून, तरी तसेच काही उभे राहील. एकट्याने वाचलेल्या पुस्तकांनी माहिती वाढते. पण ‘तू इथे त्या बाईचे वाक्य मध्येच तोडलेस’ हे सांगायला दुसराच माणूस लागतो. नाशिकच्या तुरुंगात जे होते ते हेच.

या सगळ्या रचनेला अलीकडे एक नवी कीड लागली आहे. रेकॉर्डिंग चॅटजीपीटीकडून लिहून घेण्याची. भाषा सफाईदार, मुद्दे क्रमाने, शेवटी ‘या भेटीतून मला सहानुभूतीचे महत्त्व समजले’. अनुभवी पर्यवेक्षकाला ते पहिल्या पानातच कळते, कारण त्यात कोणी अडखळत नाही, कोणाचे मूल मध्येच रडत नाही, अवरेकाई नसते. पण वही वाचायला वेळच नसलेल्या पर्यवेक्षकाला ते कळत नाही, आणि असे पर्यवेक्षक बरेच आहेत. त्यांचा दोष काढण्यात अर्थ नाही. तासिका तत्त्वावर शिकवायचे, हजेरीपट भरायचे, नॅकच्या फायली सांभाळायच्या आणि वर डझनभर विद्यार्थ्यांच्या वह्या ओळ न् ओळ वाचायच्या, हे एका माणसाकडून होत नाही.

म्हणून महाविद्यालयांच्या प्राचार्यांना आणि विभागप्रमुखांना एक विनंती आहे. या वर्षीच्या व्यक्तिमत्त्व विकास कार्यशाळेचा खर्च वाचवा आणि त्या पैशांतून प्रत्येक पर्यवेक्षकाला आठवड्यातले दोन तास मोकळे करून द्या, फक्त वह्या वाचायला. आणि विद्यार्थ्यांना सांगणे एवढेच, की आजची भेट आजच रात्री लिहा, वाक्यावाक्याने, आपण कुठे चुकीचे बोललो त्यासकट. शेवटचा रकाना मोकळा ठेवा आणि तो भरून मिळेपर्यंत मागत राहा. तो तुमचा हक्क आहे, त्याची फी तुम्ही भरली आहे.